जत्रेतली चौकशी

घोडदरीच्या डोंगरावर भिवजीबुवांच्या जत्रेतल्या निशाणाच्या काठ्या चढू लागल्या की भंडारा असा उधळतो, की माणसाला माणूस ओळखू येत नाही. चैत्रातल्या त्या पिवळ्या धुरळ्यात रेणूच्या डोळ्यांत मूठभर हळद गेली. ती चाचपडत लिंबाखाली थांबली, तर कुणीतरी तिच्या हातात पाण्याची बाटली ठेवली.

"चोळू नका, रेणू. नुसते हबके मारा."

तिनं डोळे धुतले, उघडले... समोर एक उंच, सावळा, कानापर्यंत पिवळा झालेला पोरगा. हसरा. आणि साफ अनोळखी.

"माझं नाव कसं ठाऊक तुम्हाला?"

"तुमच्या मावशीनं पायथ्यापासून हाका मारून मारून साऱ्या डोंगराला सांगितलंय की!"

उत्तर बराबर होतं. जरा जास्तच बराबर – म्हणून रेणूला ते खटकलं.

खटकणारच. अंबडचं एक स्थळ साखरपुड्यापर्यंत आलं होतं. पोरगा रोज फोन करायचा, लाघवी बोलायचा. साडी घ्यायला जायच्या दिवशी कळलं, की पुण्यात त्याची बायको आहे! तेव्हापासून कुणी गोड बोललं, की रेणू आधी तो काय लपवतोय ते बघायची.

दर्शन घेऊन ती देवळाबाहेर आली, तर तोच पोरगा झुंबरबाईच्या बांगड्यांच्या पालात वाकून काहीतरी विचारत होता. रेणूला बघताच सटकला.

"काय म्हणत होता तो?" तिनं झुंबरबाईला गाठलं.

"तुझंच इचारत व्हता, बाई. पोरगी रागीट हाय का म्हणून."

"आणि तू?"

"म्या म्हनलं, लई!"

रेणूनं पाहिलं – तो देवळामागच्या पाण्याच्या टाक्याकडे वळला होता. ती तशीच तरातरा त्याच्या मागं गेली. आवाज करडा निघाला.

"कोण तुम्ही? माझी चौकशी कशाला करून राह्यलात? खरं सांगा, नाहीतर काठ्यावाल्यांना हाक मारते."

त्याचं हसू मावळलं.

"गोरक्षनाथ. केदारखेड्याचा. उद्या तुमच्याकडं पाहुणे येणारेत ना... ते आमचेच."

"म्हणजे तुम्ही मला चोरून बघायला आल्ता!"

"न्हाई... म्हणजे, बघितलं. ते कसं न्हाई म्हणू?" त्याचे कान भंडाऱ्याखालीही लाल झालेले दिसले. "पण आलो दुसऱ्याच कामाला. काकानं तुमच्या वडलांना सांगितलंय, पोरगा संभाजीनगरला कंपनीत पर्मनंट हाय. मी कंपनी कधीच सोडली. गावात शेळ्या पाळतो. तुम्हाला आधी कळावं म्हणून..."

"मंग रागाची चौकशी कशापायी?"

"खरं ऐकल्यावर किती मार बसंल, त्याचा अंदाज घेत व्हतो."

रेणूला हसू फुटणार होतं, तिनं ते दाताखाली दाबलं. गोड बोलणारा एकदा पाहून झाला होता. हा कडू बोलून गळ टाकत असला तर?

"इथं टाक्यापाशी कुणीही खरं बोलंल," ती म्हणाली. "उद्या चारचौघांत बोलाल?"

"बोलतो."

"बघू."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडली. निळ्या साडीत रेणू पोह्यांच्या बशा घेऊन आली. गोरक्षनाथ मान खाली घालून बसला होता. तिच्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

त्याचे रामेश्वरकाका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमचा पोरगा म्हणजे, राधाकिसनराव... कंपनीत पर्मनंट. बिलकुल काळजी करू नका."

रेणूची नजर गोरक्षनाथवर खिळली. त्यानं बशी उचलली. एक घास खाल्ला. दुसरा... शब्द नाही! वाटलंच होतं, ती मनात म्हणाली. पण मग डोळे का भरून आले, ते तिचं तिलाही कळेना. ती आत जायला वळली.

"मी कंपनीत न्हाई."

बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "शेळ्या पाळतो. चांगलं चाललंय, पण कंपनी न्हाई. काका, माफ करा... खोट्यावर मला हे घर नको."

काका ताडकन उठले. "इज्जत घालवलीस, कार्ट्या! चल, ऊठ!" रेणूचे वडील राधाकिसनही उभे राहिले, चेहरा काळाठिक्कर. "एकदा फसलो, रामेश्वरराव. दुसऱ्यांदा आमच्याच ओसरीवर?"

पाहुणे चपला शोधू लागले. गोरक्षनाथनं हात जोडले, आणि आत्ता कुठं तिच्याकडं पाहिलं – निरोपाचंच पाहणं ते.

"दादा," रेणू वडलांना म्हणाली. "फसवणारा असा चारचौघांत सांगतो का? ते मला कालच सगळं बोलले होते. मी... मला पसंत आहेत."

मावशीनं तोंडाला पदर लावला. राधाकिसननी लेकीकडं पाहिलं, मग खाली बसत म्हणाले, "चहा टाका. बसा, रामेश्वरराव. आता खरं काय ते बोलू."

चहा होईपर्यंत दोघांना परसदारी बोलायला धाडलं.

"विश्वास बसला म्हणायचा!" तो हळूच म्हणाला.

"कुठं? अर्धाच." तिनं त्याच्याकडं तिरपं पाहिलं.

"मंग... उरलेला?"

रेणू लाजली. पण मान वर करूनच म्हणाली, "तो बसायला जन्म जाईल. थांबाल तेवढं?"