कडी लावून घ्या

सुट्ट्या लागल्या की इमारत निम्मी ओस पडायची, आणि गावाला जाणारा प्रत्येक जण तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींकडे किल्ली देऊन जायचा. चोरांचाही तोच हंगाम. मागच्या सुट्टीत समोरच्या इमारतीत तीन घरं फुटली, तेव्हा पोलिसांनी आधी तिथल्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हातारीलाच चौकीवर बसवून ठेवलं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. सोपवलेल्या घरातली सुईसुद्धा हलता कामा नये, असं मावशींनी मनाशी पक्कं केलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं घर जिन्याच्या टोकाला, अंधाऱ्या कोपऱ्यात. त्या घरासाठी मावशींनी खास युक्ती काढली. जुन्या बाजारातून पुरुषी बुटांचा एक जोड आणला, काळा, टाचेला झिजलेला, आणि तो दाराबाहेर ठेवला. रोज तिन्हीसांजेला वर जायचं, दिवा लावायचा, रेडिओ पुटपुटत ठेवायचा, आणि निघताना साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "अहो, मी जरा जाऊन येते. कडी लावून घ्या." मग दार ओढलं की लॅच आपोआप लागायचं. घरात बाप्या माणूस आहे म्हटल्यावर कुठला चोर येतोय!

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. 'अहो' म्हणायला कुणी उरलं नव्हतं. खोटंखोटं का होईना, म्हणताना त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची थोडी लाजही वाटायची.

त्यातून या खेपेला पाच वर्षांची नात राहायला आली होती. "आई, हिला जप हं," एवढंच सांगून लेक परगावी कामावर परतली. मावशींनी त्याच दिवशी सुताराला बोलावून आपल्या दाराची कडी पार वर, चौकटीशी बसवून घेतली. पोरीनं भलत्याच माणसाला दार उघडायला नको.

पाचव्या दिवशी मास्तरांच्या दारात मावशी नेहमीचं वाक्य बोलल्या, दार ओढलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आणि मागे, आतून, कडी सरकली. हळूच. सवयीच्या हातानं सरकवावी तशी.

मावशी तडक खाली धावल्या. वॉचमनला घेऊन त्या परत वर आल्या. किल्ली फिरवली तर दार सहज उघडलं. कडी निघालेलीच होती. घरात चिटपाखरू नव्हतं. फक्त रेडिओ बंद होता, आणि बाहेरच्या खोलीत ओल्या चामड्याचा वास येत होता.

"मावशी, तुमचं बोलणं आता तुम्हालाच खरं वाटायला लागलंय," वॉचमन हसला. "उद्या त्यांना चहा पण नेऊन द्या."

मावशींना हसू आलं नाही. पण युक्तीही त्यांनी बंद केली नाही. घर फुटलं तर तोंड कुठे लपवणार?

आठव्या दिवशी सकाळी मास्तरांच्या दारासमोर एक दांडगा माणूस उकिडवा बसलेला सापडला. अनवाणी, शेजारी कटावणी पडलेली. तो पळाला नाही. वॉचमननं दंड धरला, तर तोच वॉचमनला बिलगला.

"मी दार तोडलं नाही हो... त्यानंच कडी काढली. आतून."

"कोणी?"

"दिसला नाही... नुसता आवाज. म्हणाला, बस. ती येईपर्यंत बस..."

पोलीस त्याला घेऊन गेले. घरात एक चमचाही हलला नव्हता.

दहाव्या दिवशी मास्तर परतले. "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त जातो," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. खोटं कशाला बोला, मावशींची छाती अभिमानानं फुगली. त्यांनी किल्ली परत केली आणि बूट उचलले. खरं तर ते फेकूनच द्यायचे. पण पैसे मोजून आणलेली वस्तू त्यांना टाकवेना. खाली येऊन त्यांनी ते स्वतःच्याच दाराबाहेर, पायपुसण्यावर ठेवले. घरात एक म्हातारी आणि एक चिमुरडी, असू देत.

दुपारी झोपलेली नात तिन्हीसांज झाली तरी उठली नव्हती. कोपऱ्यावरून दूध आणायचं, दोन मिनिटांचं काम. मावशींनी पिशवी घेतली, चपला घातल्या, आणि दहा दिवस जिभेवर बसलेलं वाक्य आपसूक तोंडातून निघून गेलं.

"अहो, मी जरा जाऊन येते. कडी लावून घ्या."

दार ओढून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

आत, पार वर, चौकटीशी, कडी सरकली.

त्यांनी किल्ली फिरवली. लॅच फिरलं, दार हललं नाही. पोरीचा हात तर स्टुलावर चढूनही तिथवर पोचत नव्हता. मावशींनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "चिमणे! अगं चिमणे!" पायाशी नजर गेली. पायपुसणं रिकामं होतं.

"अहो..." त्यांना रडू फुटलं. "कडी काढा हो... लेकरू आहे आत..."

आतून नातीचा झोपाळू आवाज आला. पण ती दाराकडे तोंड करून बोलत नव्हती.

"बरं," ती कुणाला तरी म्हणाली. "बसते मी... आजी येईपर्यंत."