मधमाश्यांना सांगितलेलं नाव

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. या वयात खोटं सांगून मला काय मिळणार?

१९२१ सालचा सप्टेंबर. रविवारची भर दुपार. इंग्लंडमधल्या हॅझलकोम गावातलं आमचं शेवटचं घर.

नवरा युद्धात कामी आला होता. सासऱ्यांना पुरून नऊ दिवस झाले होते. घरात उरलो मी आणि माझी सात वर्षांची लेक हेटी. ती तापाने फणफणली होती. सकाळीच डॉक्टरांनी हात टेकले होते.

शेजारच्या मिसेस टॉली सूप घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"मॉड, म्हातारा गेल्याचं मधमाश्यांना सांगितलंस ना?"

"एवढ्या शहाण्या आहेत, तर त्यांना कळलंच असेल."

"जीभ आवर. घराची किल्ली परसातल्या मधपेटीवर तीनदा वाजवायची आणि गेलेल्याचं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर त्या घरातलं आणखी एक माणूस नेतात. पोरंसोरंही जाणतात हे."

जाणत मीही होते. सासऱ्यांशी माझं कधी पटलं नाही, म्हणून मुद्दामच गेले नव्हते.

किल्ली घ्यायला धावले.

खिळ्यावर किल्ली नव्हती...

तशीच परसात गेले. कुंपणावर गाणारा रॉबिन पक्षी मध्येच गप्प झाला. मी मधपेटीला कान लावला. आत एरवी सतत गुणगुण चाललेली असते.

आता काहीच नव्हतं...

मी तिथेच गुडघे टेकले. "माझं चुकलं. हेटीला सोडा. न्यायचंच असेल तर मला न्या."

टक... टक... टक...

माझ्या कानाशीच. पेटीवर. परसात मी एकटीच होते.

थोड्या वेळाने पुन्हा तीनदा वाजलं.

मग पेटी आतून गुणगुणू लागली.

मी वर पळाले. हेटी घामाने निथळत उठून बसली होती. अंग गार लागत होतं. तिच्या मुठीत किल्ली होती.

"आजोबांनी दिली," ती म्हणाली. "मधमाश्यांना सांगून आलो म्हणाले. आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग तुझं."

आज हेटीने तिशी ओलांडली आहे. मीही धडधाकट आहे. पण त्या दुपारपासून एकही मधमाशी मला चावलेली नाही. उघड्या हातांनी पोळं काढते, तरी त्या माझ्याकडे वळतसुद्धा नाहीत.

त्यांच्या लेखी मी कधीच गेले आहे.

मग मी खरंच गेल्यावर हेटीने त्यांना पुन्हा सांगायचं की नाही? चुकलं तर त्या कुणाला नेतील?

विचारावं असं गावात आता कुणी उरलेलं नाही...