सातवी रेघ वाकडी

"थांबा! तिथेच... एक पाऊल पुढे आलात तर माझ्या चार गणपतींचा चिखल होईल!"

किमयाच्या हातात केसाएवढ्या टोकाचा कुंचला होता आणि दारात आषाढाच्या सरीत भिजून निथळणारा एक उंच तरुण. तो एका पायावरच थबकला. त्याच्या रेनकोटच्या बाहीवरून पाणी टपटपत होतं आणि बाहीखाली, वीतभरावर, शाडूच्या मूर्तींची रांग होती.

"मागे जाऊ, की असाच बगळ्यासारखा उभा राहू?"

"मागे. आणि हळू. कोट झटकू नका."

तो हळू मागे सरला. मग कोटाच्या आतून त्याने प्लॅस्टिकची एक पिशवी काढली आणि लांबूनच हात पुढे केला.

"मी भिजलो तरी चालेल हो. पाऊस थांबेस्तोवर हे कागद तेवढे आत घेता?"

पेणच्या कुंभार आळीत एके काळी घराघराच्या ओटीवर शाडू मळला जाई, आणि दिवाळी सरली की अख्ख्या आळीला ओल्या मातीचा वास येई. आता मोठाले कारखाने झाले, गणपती खोक्यांत बसून परदेशी जाऊ लागले. पण डोळे अजून हातानेच आखतात. रंग कुणीही भरावा, डोळे मात्र एकाच माणसाने. नाथाकाकांच्या कारखान्यात तो मान आधी किमयाच्या वडिलांचा होता. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा अठराव्या वर्षी कुंचला तिच्याकडे आला. आता ती सव्वीस वर्षांची होती. डावा डोळा उजव्यापेक्षा सुताएवढा जरी मोठा झाला, तरी तिला तो दुरून टोचायचा.

तिने कागद कोरड्या फळीवर पसरले. प्रत्येकावर एकच रेघ... सरळ चाललेली, मध्येच खाली उतरलेली, पुन्हा वर आलेली.

"कुनाच्या छातीचा फोटू हाय?" मूर्तींची पितांबरं रंगवणाऱ्या हौसामावशींनी मान लांब केली.

"छातीचा नाही मावशी, आकाशाचा." तो दारातूनच हसला. "ग्रह शोधतोय. आपल्या आकाशगंगेतले नाहीत, दुसऱ्या दीर्घिकेतले. जिथून उजेड इथे यायला लाखो वर्षं लागतात ना, तिथले."

"पत्रिकेतले नऊ काय कमी छळतात, म्हणून आनखी शोधतोस?"

किमयाला हसू आलं. पण तिची नजर कागदावरून हलेना. "ही वाकडी आहे," ती सहज म्हणाली. "आणि ही पण. ह्या दोघी मात्र सारख्या उतरल्यात, सारख्या चढल्यात."

तो पाणीबिणी विसरून आत आलाच.

"हे... तुम्हाला नुसतं बघून कळलं? आम्हाला मोजायला दोन दिवस लागतात!"

त्याचं नाव धनेश. राहणार रोहा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, आणि उरलेल्या वेळात हे वेड. पुण्याच्या एका संस्थेतले लोक दुर्बिणीच्या जुन्या नोंदी हौशी माणसांना तपासायला देत. धनेशने तिला समजावलं, अगदी ओटीवर बसून सांगावं तसं. लांबवर एक दिवा आहे, त्याच्या आडून कुणी गेलं की तो झाकला जातो आणि पुन्हा दिसतो. ग्रह गेला असेल तर उजेडाची रेघ सारखी उतरते, सारखी चढते. धुळीचा ढग गेला असेल तर एक बाजू ढासळलेली दिसते.

"म्हणजे तो ग्रह दिसत नाही कधीच?"

"नाही. फक्त त्याने झाकलेलं दिसतं."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला... "मृणाली! अगं, ऐक तर खरं, इथे पेणमध्ये एक बाई आहेत..."

बाई! किमयाने कुंचला पाण्यात बुडवला, गरजेपेक्षा जरा जोरातच.

मग तो दर सुटीला यायला लागला. रोह्याहून सुटलेली गाडी पेणच्या आधीचं स्टेशन ओलांडून पुढे आली की तिच्या फोनवर दोनच शब्द उमटत. "कासू गेलं." ते वाचलं की किमया केस सारखे करी, आणि हौसामावशी भिंतीकडे बघून म्हणत, "आज कुंचला कमी नि फणी जास्त चालतेय गो."

'तुम्ही'चं 'तू' झालं. पावसाच्या आवाजात शेजारी शेजारी बसून तो कागद पुढे करी, ती सारख्या रेघेला "सरळ", ढासळलेलीला "वाकडी" म्हणे. कधी दोघांची बोटं एकाच कागदावर यायची, आणि कुणीच ती लगेच उचलायचं नाही. सगळं कसं गोड होतं, जर प्रत्येक चौथ्या वाक्यात मृणाली नसती तर.

मृणाली म्हणते... मृणालीने शोधलं... मृणालीला हे दाखवायलाच हवं...

पूर्वी परगावच्या मुलीचं पत्र यायला आठ दिवस लागत. मत्सरालाही तेवढी उसंत मिळे, तो जरा जेवे, झोपे. आता त्याची घंटी खिशातच वाजते. किमयाने एकदा चोरून तिचा फोटो पाहिला. कापलेले केस, मागे दुर्बिणीचा पांढरा घुमट, डोळ्यांवर चष्मा. चष्मासुद्धा तिला शोभत होता, आणि किमयाला राग आला तो ह्याचाच.

"ती त्या संस्थेत काय करते रे, दिवसभर?" तिने एकदा विचारलं.

"आकाश बघते."

"आणि तू?"

"मी तिने बघितलेलं पुन्हा बघतो."

"वा. छान चाललंय तुमचं."

"छानच चाललंय," तो भाबडेपणाने म्हणाला. अशा माणसाशी भांडणं किती कठीण असतं!

श्रावण लागला तसा तो एका दुपारी धावतच आला. हातात बारा कागद, डोळ्यांत नुसता उजेड.

"किमया, शेवटची यादी. ह्या बारांतून निवडायच्या. सातवी बघ, सातवी! मृणालीने दोन वर्षं जपलीय. ही टिकली तर संस्थेला मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळेल, आणि ती मला वर्षभर पुण्याला बोलावतेय. कंपनीत रजा टाकीन. फक्त तू बघून सांग. तू सरळ म्हणालीस तर मी सरळ समजणार."

किमयाने सातवी उचलली.

तिला बघावंही लागलं नाही. रेघ उतरली होती तशीच चढली होती. वडिलांनी पहिल्यांदा आखून दाखवलेल्या डोळ्यांइतकी समान. इतकी सुंदर रेघ तिने आजवर पाहिली नव्हती.

वर्षभर. पुण्याला. घुमटाखाली, त्या चष्म्याशेजारी...

"वाकडी आहे," किमया म्हणाली.

"काय?"

"उजवी बाजू ढासळलीय. तुला नाही दिसणार."

त्याचा चेहरा विझला. पण त्याने एकदाही वाद घातला नाही. खिशातून पेन काढून सातव्या कागदावर फुली मारली आणि निघून गेला. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीतरी वेळा वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाथाकाका मूर्तींच्या रांगेपुढे उभे राहिले. या टोकाकडून त्या टोकाला गेले, मग परत आले.

"किमया, इकडं ये गो. हे बघ. आज सगळे गणपती तिरके बघतायत. कुनावर डूख धरलाय त्यांनी?"

खरंच, सोळाच्या सोळा मूर्तींचा डावा डोळा जरा बारीक होता. जणू देव शेजारणीच्या ताटात बघत होता. हौसामावशी तोंडाला पदर लावून हसल्या. किमया मात्र हसली नाही. सोळा मूर्तींचे डोळे खरवडून तिने पुन्हा आखले.

"कासू गेलं" आलं नाही. एक सुटी गेली, दुसरी गेली.

मग एका रविवारी दुपारी तो आला... आणि त्याच्याबरोबर ती.

"ही मृणाली," धनेश ओढलेल्या आवाजात म्हणाला. "पुण्याहून एसटीने आलीय. घाटातल्या कोंडीत दोन तास अडकली होती."

मृणाली फोटोपेक्षा बुटकी होती, आणि फोटोपेक्षा छान. "यादी उद्या जाणार आहे," ती म्हणाली. "म्हटलं, ज्यांनी माझी सातवी बाद केली, त्यांना एकदा भेटावं. भांडायला नाही हं! तुमचं काम बघू का जरा?"

नाही कसं म्हणणार? मृणाली जमिनीवर मांडी घालून बसली. किमयाने डोळा आखला, मग दुसरा. तिसऱ्या मूर्तीला तिच्या लक्षात आलं, की कुंचला टेकतो तेव्हा ही मुलगी श्वास रोखून धरते आणि उचलला की सोडते. तासभर ती अशीच बसली. मग तिने पिशवीतून धनेशने फुली मारलेला सातवा कागद काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता.

"मला एवढंच दाखवाल, कुठे वाकडी आहे? दोन वर्षं बघतेय, मला दिसलीच नाही. पुढच्या वेळी दिसावी म्हणून विचारते."

किमयाने कागद हातात घेतला. बोट रेघेवर ठेवलं, उजवीकडे सरकवलं... आणि बोट तिथेच थांबलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"कुठेच नाही वाकडी. सरळ आहे. पहिल्या नजरेतच दिसलं होतं मला. मी खोटं बोलले."

धनेश भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "खोटं? का?"

"आता ह्याला त्ये बी सांगायला लागतंय," हौसामावशी पुटपुटल्या.

मृणालीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग कपडे झटकत ती उठली. "मावशी, इथे चहा कुठे मिळतो?"

"नाक्यावर. जा सरळ."

"मला नाही सापडायचा. तुम्हीच चला."

हौसामावशी गेल्या, पण मान मागे वळवून वळवून.

"दोन आठवडे, किमया," धनेश म्हणाला. "दोन आठवडे मी तिच्याशी भांडलो, तुझ्या शब्दावर. किमया चुकायची नाही म्हणालो."

"मी चुकले नव्हते. खोटं बोलले होते."

"त्यात काय फरक?"

"चुकले असते तर झोप लागली असती मला."

तिने कुंचला खाली ठेवला.

"सरळ म्हणाले असते तर तू पुण्याला गेला असतास. तिथे ती आहे. तिला तुझं सगळं कळतं. मी बारावी झालेली, मला दीर्घिका अजून नीट म्हणता येत नाही. फोन वाजला की तुझा चेहरा कसा होतो, तुला माहीत नाही. मला माहीत आहे. चेहरेच बघते मी दिवसभर." ती थांबली. "जळते मी. तिच्या नावावर, तिच्या आवाजावर, तिच्या चष्म्यावरसुद्धा..."

"चष्म्यावर?"

"हसू नकोस!"

"हसत नाही." पण ओठाचा कोपरा हललाच. मग तो तिच्यासमोर खाली बसला. "मृणालीने मला विचारलं होतं. गेल्या महिन्यात."

किमयाने मान वर केली. "काय... विचारलं?"

"तुला वाटतंय तेच. मी म्हणालो, माझं मन पेणला आहे. ती म्हणाली, पेणच्या मुलीला माहीत आहे का? मी म्हणालो, नाही अजून."

"गाढव!"

"तीही हेच म्हणाली."

बाहेर पाऊस जरा ओसरला होता. किमयाने डोळे पुसले, तर गालाला रंग लागला. त्याने हात पुढे केला, आणि मग तो तसाच राहिला, विचारल्यासारखा... तिने गालच जरा पुढे केला.

"आता सांग तरी," तो हळूच म्हणाला. "एकदा. खरं."

"आवडतोस. पहिल्या दिवसापासून. झालं?"

"झालं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की फोनवर कधीच तसा उजळला नव्हता.

मृणाली चहा घेऊन आली तेव्हा दोघं शहाण्या मुलांसारखी लांब लांब बसली होती. किमयाच्या गालावरचा रंग मात्र धनेशच्या अंगठ्यावर होता. मृणालीला तो दिसलाच. तिने चहाचे पेले पुढे केले. निघताना मात्र रिक्षाशी तिने किमयाचा हात धरला.

"मीही खोटंच बोलले. भांडायला नाही, पण शिकायलाही नव्हते आले. तुम्ही कशा दिसता, ते बघायला आले होते."

"मग?" किमयाने विचारलं.

"मग काय... आता मीच जळणार थोडे दिवस." मृणाली हसली, पण ते हसू एका बाजूने ढासळलेलं होतं, आणि ते किमयाशिवाय कुणालाच दिसलं नसतं. किमयाने तिचा हात सोडला नाही. "दमला आहात," ती म्हणाली. "पोह्याचे पापड देते बांधून. आई करते. पुण्याला असे मिळत नाहीत." मृणालीने मान डोलावली. पुडा घेऊनच ती गेली.

रिक्षा वळणाआड गेल्यावर किमया आत आली. सातवा कागद फळीवरच होता. फुलीशेजारी तिने बारीक कुंचल्याने लिहिलं, 'सरळ', आणि खाली आपलं पूर्ण नाव.

"उद्या हाच पाठव. आणि तू जा पुण्याला."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"चालेल तुला?"

"नाही चालणार. रोज जळेन. पण तू नाही गेलास, तर त्या रेघेकडे मला आयुष्यभर बघता येणार नाही."

धनेशने सातवा कागद उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "गणपती झाले की आईला घेऊन येतो, तुमच्या घरी. पुण्याला जायच्या आधी."

"दसऱ्यानंतर आण," किमया कुंचला धुता धुता म्हणाली. "गणपतींमागून देवीच्या मूर्ती असतात, तोवर मला मान वर करायला सवड नाही. आणि आता उठ तिथून, उजेड अडवतोयस."

तो उठला. पण फार लांब गेला नाही.