दहा हजार किलोमीटर, सात तास

“माझ्या भावानं बाबांचा जीव घेतला,” खुर्चीवर टेकायच्या आतच ती म्हणाली.

मास्तरांनी घाईनं चहा बाजूला ठेवून वही उघडली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते बाईंच्या तपासाची टिपणं काढत. बाई मात्र शांत होत्या. खासगी तपासाच्या धंद्यात पडण्यापूर्वी त्यांनी वीस वर्षं विमानतळावर चौकशीच्या खिडकीत काढली होती.

“नीट सांगा.”

“आई म्हणते, बाबांनी मंगळवारी पहाटे पाचला पाणी मागितलं. सहाला पाहिलं तर गेलेले. तिनं आधी मला फोन केला, मग भावाला. तो परदेशात. आणि दुपारी एकला हा दारात! दहा हजार किलोमीटर सात तासांत? तो आधीच इथं येऊन बसला होता.”

“तुम्ही बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“सोमवारी सकाळी. संध्याकाळी सातला पुन्हा गेले, तर आईनं दारातच अडवलं. आत्ताच डोळा लागलाय म्हणाली. फार जपायची त्यांना. रात्री आठची गोळी चार वर्षांत एकदा चुकवली नाही.”

भाऊ आईच्या घरीच उतरला होता. त्यानं विमानाचा बोर्डिंग पास पुढे केला. आपल्या घड्याळानं सोमवारी रात्री दहाचं उड्डाण. साडेबारा तास हवेत, पुढे अडीच तास रस्ता.

“तुम्हाला कळवलं कुणी?”

त्यानं पास परत खिशात घातला.

मास्तर चक्रावले. “रात्रभर हा विमानात होता, म्हणजे यानं काही केलं नाही. पण मरणाच्या सात तास आधी निघाला कसा?”

बाईंनी बाबांच्या पलंगाशेजारची गोळ्यांची डबी उघडली. सोमवारच्या रात्रीची गोळी तशीच होती.

डॉक्टर स्पष्ट बोलले. “हृदय थांबलं, घातपात नाही. साडेसहाला पोचलो तेव्हा अंग पार ताठरलं होतं. दाखल्यावर वेळ त्यांच्या पत्नीनं सांगितली तीच लिहिली.”

संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात सगळे जमले.

“पाचला पाणी मागणारा माणूस साडेसहाला इतका ताठरत नाही,” बाई म्हणाल्या. “आठची गोळी घ्यायला ते नव्हतेच. सातला मुलीला आत सोडलं नाही, कारण तोवर ते गेले होते. आणि दहाचं विमान गाठायचं, तर मुलाला त्याच्याही आधी फोन हवा. आई, किती वाजता गेले?”

“पाचला. संध्याकाळच्या.” आई मुलीकडे वळली. “सहा वर्षं तुम्ही बोलत नाही. तू म्हणाली होतीस, बाबा गेले तर त्याच्यासाठी तासभरही थांबणार नाही. तुला कळलं असतं, तर सकाळीच स्मशानात नेलं असतंस. त्याला बाबांचं तोंडही दिसलं नसतं गं.”

“म्हणून रात्रभर एकटी बसलीस?” मुलीनं विचारलं.

“बसले.”

मास्तरांनी वही मिटली.

“मी दारातनं म्हणाले होते, बाबा, उद्या येते,” मुलगी म्हणाली. “तेव्हा त्यांचा हात... उबदार होता का?”

आईनं डोळे मिटले. “होता.”

भावानं बहिणीसाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडत राहिली.