भाऊसाहेबांचे तीन सोबती

भाऊसाहेब खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण त्या गुरुवारी सकाळी कासार आंबोलीत ते अजून खुनीच होते.

भाऊसाहेब म्हणजे हैबतरावांचा ऑस्कर मासा. आणला तेव्हा अंगठ्याएवढा, आता फूटभर. हैबतराव दिवसभर त्याच्याशी गप्पा मारत. एकटा कंटाळतो म्हणून त्यांनी टाकीत तीन सिल्व्हर डॉलर सोडले. चपटे, तळहाताएवढे मासे. लागोपाठ तीन बुधवारी, हैबतराव पौडला गेले असताना, एकेक गायब झाला. काल तिसरा गेला. हैबतरावांनी भाऊसाहेबांना जन्मात पहिल्यांदा शिवी घातली आणि तेव्हापासून त्यांना स्वतःलाच घास उतरत नव्हता. संध्याकाळी बावधनचा दुकानदार भाऊसाहेबांना घेऊन जाणार होता.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मेधाला बोलावलं. ती लग्नाआधीच्या चौकश्या करणारी गुप्तहेर. सोबत जुळते का ते बघणं हाच तिचा धंदा, तेव्हा हे प्रकरण तिचंच, असं हैबतरावांचं म्हणणं. मदतनीस विश्राम हे निवृत्त हवालदार. ते टाकीपुढे मिनिटभर उभे राहिले आणि म्हणाले, "नजरेतच दिसतंय."

मेधाने टाकी पाहिली. झाकणावर वीट, उडी मारून कुणी गेलं नसतं. तळाशी काटा नाही, खवला नाही.

पहिला संशयित निरंजन, माडीवरचा भाडेकरू. हिंजवडीत नोकरीला. सोबती त्यानेच सुचवले होते. "रूल सिंपल आहे, मॅडम. सोबती तोंडात मावायला नको आणि तोंडी लागायला नको." हैबतरावांना हा नियम पाठ होता, आल्यागेल्याला ऐकवत. बुधवारी निरंजनला ऑफिसात दिवसभर हजेरी सक्तीची, आणि तिन्ही बुधवारची हजेरी त्याने मोबाइलवर दाखवली. विश्रामनी तरीही तो मासे खातो का ते विचारलं. तो माळकरी निघाला.

मग हैबतरावांची बायको, रंभाबाई. चहा ठेवत म्हणाल्या, "मी त्या टाकीकडं बघत बी न्हाई. त्या शेपूट कुरतडलेल्याचं तेवढं वाईट वाटलं."

भाऊसाहेब नीट जेवतात का, असं मेधाने विचारलं. हैबतराव म्हणाले, "दाणा ठेवत न्हाई. काल सांजंला बी न्हाई ठेवला. उलट डबा आता लवकर सपतोय."

मेधा परसात हात धुवायला गेली. गाय दिवाळीतच विकलेली, पण गोठ्यातली दगडी डोण काठोकाठ भरलेली, वर जाळी. कावळे पाणी घाण करतात, असं रंभाबाईंनी न विचारता सांगितलं.

सगळे टाकीपुढे जमले.

"विश्रामकाका, खुनी कोण?"

"भाऊसाहेब."

"तळहाताएवढा मासा त्याच्या तोंडात मावत नाही. मावला असता, तर काल संध्याकाळी तो जेवला नसता. खाणारी तोंडं कमी झाली, मग डबा लवकर कसा संपतो? मासे जिवंत आहेत आणि कुणीतरी त्यांना चारतंय. बुधवारी काका पौडला, निरंजन ऑफिसात. घरात उरतं कोण? जी टाकीकडे बघतही नाही, तिला कुरतडलेलं शेपूट कसं दिसलं? आणि गाय नसताना डोण कुणासाठी भरायची?"

हैबतराव चालत गोठ्यात गेले. जाळी उचलली. तीन रुपेरी अंगं एकदम वळली. एकाचं शेपूट पुन्हा फुटत होतं.

मागे रंभाबाई उभ्या होत्या. हैबतरावांना वाटलं, ह्या बाईला आपण कुठेतरी पाहिलंय.

"मी त्याला खुनी म्हनलो. तुझ्यासमूर. तू भाकरी थापत व्हतीस."

"त्यो त्यास्नी कुरतडत व्हता. दोनदा सांगितलं तुमास्नी. तुमी त्याच्याशी बोलत व्हता." त्यांनी जाळी परत नीट घातली. "तोंडात मावत न्हाई, तोंडी लागत न्हाई. ह्या घरात चाळीस वरसं तसं कोण ऱ्हायलं, ते बी मॅडमला शोधाया सांगा."

मेधाने ते काम घेतलं नाही. विश्रामनी वहीत लिहिलं: 'चौथा मासा?'

दुकानदार रिकाम्या हाताने परतला. भाऊसाहेब टाकीत एकटे राहिले. हैबतरावांनी शुक्रवारी गावच्या तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला, तो असा:

'अर्जदाराचा विश्वासघात झालेला आहे. तो नेमका कोणी केला, याबाबत पती-पत्नीत एकमत नाही. अर्जदाराच्या पत्नी कालपासून बोलत आहेत व त्यांचे चाळीस वर्षांचे बोलणे शिल्लक असल्याचे त्यांनी तोंडी कळवले आहे. अर्जदाराचे वय अडुसष्ट आहे. तरी सदर बोलणे पूर्ण ऐकून घेण्यासाठी अर्जदारास चाळीस वर्षांची मुदतवाढ मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'