बाहेर आल्याची वेळ

हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. एक्सेलच्या फाइलीतले भूत! मीही हसलो असतो... पण ते माझ्या डोळ्यांसमोर घडले. यातला एकही शब्द खोटा नाही.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे पावणेचार.

सौसरजवळ संत्र्यांना मेण लावून खोक्यांत भरणारे एक केंद्र आहे. नाव सांगणार नाही. तिथे मी नोंदी ठेवत असे. माल गार ठेवण्याच्या खोलीचे दार फक्त बाहेरून उघडत असे. म्हणून मी एक फॉर्म बनवला होता. शीटवरचे बटण दाबले की मॅक्रो, म्हणजे फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा, चालत आणि फॉर्म समोर येई : नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. आत काम करणाऱ्या सगळ्या बाया बाहेर आल्याची नोंद झाली, तरच व्यवस्थापक रघुनाथराव कडी घालत.

नियम सुंदर होता. पाळणारे आम्ही होतो.

डिसेंबरात एका संध्याकाळी ते ओरडले, "एकेकीची वाट काय पाहून राहिला बे? लिहून मार सगळ्यायले, पाचले बाहेर!"

मी मारले.

मोहगावची शकुबाई आत खोकी रचत होती. ती सकाळी सापडली.

"म्हातारी होती. आज नाही तं उद्या जाणारच होती," असे म्हणून रघुनाथरावांनी चहा मागवला.

मीही प्यालो.

तिचे नाव मी स्वतः यादीतून पुसले. आणि आमची रीत होती तशीच चालू राहिली. इतक्या निर्लज्जपणे, की आज लिहितानाही किळस येते.

त्या मंगळवारी रघुनाथरावांना साखरपुड्यासाठी पांढुर्ण्याला जायचे होते. तीन वाजताच मी सगळ्यांना 'बाहेर' केले. त्यांनी कडी घातली.

मग वीज गेली... आली. मी फाइल पुन्हा उघडली.

वर पिवळी पट्टी होती. मॅक्रो बंद आहेत, असे सांगणारी. तिच्यावर क्लिक करून परवानगी दिल्याशिवाय फॉर्म उघडूच शकत नाही.

मी माउसला हातही लावला नव्हता.

टुंग...

फॉर्म उघडला.

नाव : शकुबाई. आत : २.५०. बाहेर...

रिकामे.

मी तो बंद केला. टुंग. पुन्हा तोच.

"साहेब..." मी हाक मारली.

रघुनाथराव अंगावर अत्तर मारत आले. "मरून दोन महिने झाले बाईले. आता हजेरी लावून राहिली का? का तुह्या कम्प्युटरले भानामती झाली?"

त्यांनी मला ढकलून माउस घेतला. 'बाहेर'समोर ३.०० लिहिले. जतन केले.

आकडे एकेक करून पुसले गेले... जणू कोणी बोटाने काच पुसावी.

ते हसले. पण हसू अर्ध्यावरच थांबले.

मी खिडकीतून पाहिले. अंगण रिकामे होते. बाया केव्हाच गेल्या होत्या.

एक सायकल मात्र भिंतीला टेकून उभी होती.

खोकी रचणाऱ्या पूनमची.

मी धावलो. कडी बर्फासारखी गार होती. दार उघडले, तेव्हा पूनम खोक्यांना टेकून बसलेली दिसली. ओठ निळे पडलेले. पण डोळे उघडे होते.

तिला उचलून उन्हात आणले. दात वाजत असतानाच ती म्हणाली, "मावशी होती ना जवळ. डोळा लागला का चिमटे घे..."

"कोणती मावशी?"

"शकुमावशी."

तिच्या दंडावर चिमट्यांचे वळ होते. मी मोजले नाहीत.

"थंडीनं डोकं फिरलं हिचं," रघुनाथराव पुटपुटले. त्यांनी आत एकदाही डोकावले नाही. घाईघाईने दार लोटून त्यांनी पुन्हा कडी घातली आणि मोटारसायकलला किक मारली. माणूस इतका क्षुद्र असू शकतो, हे मला तोवर फक्त आरशातून ठाऊक होते.

पूनम उठली. दाराला कान लावून उभी राहिली... बराच वेळ. मध्येच तिने मान हलवली, समोरच्याचे ऐकून हलवावी तशी.

मग ती माझ्याकडे वळली.

"रोशनभाऊ, मावशी विचारून राहिली."

"काय?"

"त्या दिवशी मावशी अंदर गेलेली तुमाले दिसली होती का?"

मी नोकरी सोडली. पूनमला पुन्हा भेटलो नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले नाही.

इथेही देणार नाही.