येते, काकू

यातलं काहीही रचलेलं नाही. दोन बायकांनी हे वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींच्या मागे सांगितलं. दोघींच्या सांगण्यात जे जुळलं, तेवढंच इथे आहे.

जागा ग्वाल्हेर. लष्कर भागात, गोरखी वाड्याच्या मागची गल्ली.

दिवस गेल्या जानेवारीतले. भोगीच्या संध्याकाळपासून पुढचे.

सीमंतिनी पागनीस सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि मागच्या बाजूला एक सुटी खोली. ती खोली त्यांनी गरिमाला किरायाने दिली होती.

गरिमा दतियाची. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सकाळच्या पाळीला असायची. घरात हिंदी, पण मराठी शिकायची भारी हौस.

पहिल्याच दिवशी निघताना ती म्हणाली, "काकू, मी जाते."

सीमंतिनीबाईंनी तिथेच अडवलं. "जाते म्हणू नये ग. येते म्हणावं."

"जा रही हूँ और बोलूँ, आती हूँ? तुम मराठी लोग भी ना, काकू!"

"जाते म्हणून निघालेलं माणूस परत येत नाही म्हणतात. तू येते म्हणायचं. मी म्हणणार, ये."

त्या दिवसापासून रोज सकाळी दारातून आवाज यायचा. "येते, काकू."

आणि आतून, "ये."

भांडण झालं ते बिजलीच्या बिलावरून.

कडाक्याची थंडी पडली होती. गरिमा उजाडण्याआधी खोलीत बादली ठेवून पाण्यात रॉड सोडायची. पाणी तापताना रॉड घुमायचा. बारीक, एका सुरात... घूंऽऽऽ. सीमंतिनीबाईंना त्या आवाजानेच जाग यायची.

भोगीच्या दिवशी बिल आलं.

"एवढं बिल माझ्या घरात आजवर आलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"पण काकू, तुम्हीच बोलल्या होत्या ना, किराये में बिजली शामिल है."

"पंखा आणि दिवा शामिल. रॉड नाही."

"हे कधी बोललात?"

"हे बोलायचं असतं का? समजायचं असतं."

"मग तुम्हीच सांगा, इस ठंड में ठंडे पानी से नहाऊँ? तुम्ही कशाने नहाता?"

"माझ्या गॅसवर तापवते. माझ्या पैशाच्या."

"अभी पगार नहीं आई, काकू. आली की देते. आधा मैं, आधा तुम्ही."

"अर्धं कसलं? वाढलेलं सगळं तुझं."

गरिमाने दार लावून घेतलं. जरा जोरातच.

त्या खोलीचं छोटं मीटर आणि फ्यूज दाराबाहेर भिंतीवर होतं. सीमंतिनीबाईंनी फ्यूज उपसला आणि स्वयंपाकघरात हळदीच्या बरणीमागे ठेवून दिला. दाराच्या फटीतला उजेड गेला.

"पैसे दिलेस की लावते," त्या बाहेरून म्हणाल्या.



पहाटे रॉडचा आवाज आला नाही.  नुसतं पाणी ओतल्याचं ऐकू आलं, आणि मधेच दात वाजल्यासारखं काही.

संक्रांतीची सकाळ. सीमंतिनीबाई तिळाची वडी थापत होत्या. गरिमा दारात आली. केस ओले. खांद्याला पिशवी.

"आज रात को सहेली के यहाँ रुकूँगी. दौलतगंजला."

सीमंतिनीबाईंनी वर पाहिलं नाही. तिळाची वडीही दिली नाही.

"येते, काकू."

"ये."

तोंडातून सवयीने निघालं. राग होता, तरी निघालं.

मैत्रिणीची त्या रात्री रात्रपाळी होती. खोलीत गरिमा एकटीच. थंडी म्हणून तिने कोळशाची अंगीठी पेटवली आणि दार-खिडकी लावून झोपली.

सकाळी मैत्रीण परत आली. दार तोडावं लागलं. कोळशाच्या धुराने गरिमा झोपेतच गेली होती.

चार दिवसांनी गरिमाचे वडील सामान न्यायला आले. खाली मान घालून त्यांनी सगळं बांधलं. कपडे, पुस्तकं, बादली, रॉड. मग हात जोडून म्हणाले, "बहनजी, बिटिया ने फोन पर बताया था, बिजली का कुछ देना रह गया है..."

"नाही, नाही. कुछ नहीं," सीमंतिनीबाई म्हणाल्या. 

खोली रिकामी झाली. भिंतीला लावलेला पलंग तेवढा राहिला. त्यांनी कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली.

घूंऽऽऽ...

शेजारचा असेल, असं वाटलं. त्या उठल्या. शेजारचं घर बंद होतं. ती माणसं लग्नाला इंदूरला गेलेली.

आवाज मागच्या खोलीतून येत होता.

त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या. हळदीच्या बरणीमागे हात घातला.

फ्यूज तिथेच होता.

मग दिवा घेऊन खोलीच्या दाराशी आल्या. कुलूप तसंच. पण भिंतीवरच्या मीटरचा लाल ठिपका... वीज चालू असावी तसा लुकलुकत होता.

कुलूप काढेपर्यंत आवाज थांबला. आत काहीच नव्हतं. फक्त फरशीवर एक ओलं वर्तुळ होतं. बादलीच्या बुडाएवढं.

त्यांनी बोट लावून पाहिलं.

कोमट होतं.

रोज हेच होऊ लागलं. उजाडायच्या आधी घुमणं. मग न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज. त्या गेल्या की आत कुणी नसायचं. आरसा वाफेने धुरकटलेला असायचा.

आठवड्यात त्या निम्म्या झाल्या. शेवटी त्यांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं. शामलाबाई कंपू भागात राहतात, तोंडाने फटकळ. आल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"निघताना ती काय म्हणाली?"

"येते म्हणाली. मीच शिकवलेलं."

"आणि तू?"

"ये म्हणाले."

शामलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"घर अंधारात ठेवलंस, थंडीत काढलंस, आणि वर ये म्हणालीस! मग येणार नाही तर काय करणार ती? साऱ्या जगाला बोलायला शिकवतेस. आता तूच निस्तर. तिला जा म्हण."

"उंबऱ्यात कुणाला जा म्हणतात का, शामला?"

"मग बस ऐकत."

दुसऱ्या पहाटे दोघी त्या दाराशी उभ्या राहिल्या. धुकं जिन्यापर्यंत आलं होतं.

घूंऽऽऽ...

शामलाबाईंनी जावेचा दंड घट्ट धरला. "म्हण."

सीमंतिनीबाईंनी दारावर तळहात टेकवला. म्हणाल्या, "गरिमा... जा बाई. आता जा."

घुमणं थांबलं.

दोघींनी श्वास सोडला.

मग आतून, अगदी दाराला तोंड लावून बोलावं तसं...

"काकू... जा नाही म्हणायचं."

शामलाबाई सकाळची वाट न बघता घरी परतल्या. पायरीवर त्यांच्या तोंडी 'येते' आलं होतं. त्यांनी ते दातांखाली धरलं.

सीमंतिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. बरणीमागचा फ्यूज काढला. आणि जागेवर बसवला.

पुन्हा कधी उपसला नाही.

त्या तिथेच राहतात. खोली बंद असते. त्या खोलीचं बिल येतं, थंडीत जास्तच येतं. त्या ते मुकाट्याने भरतात. वीजवाल्यांकडे तक्रार केलेली नाही. खोलीसाठी विचारणा करत मुली येतात, कोचिंगच्या, नोकरीच्या. त्यांना एकच उत्तर मिळतं.

"कमरा खाली नाही."

हे लिहिण्याआधी मी सीमंतिनीबाईंना पुन्हा भेटलो. दुपारची वेळ होती. दोघींच्या सांगण्यातलं जुळलेलं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. काही खोडून काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुम्ही लिहा. पण तिळाची वडी दिली नाही, तेही लिहा."

निघताना मी मुद्दाम काही बोललो नाही. त्या घरातून निघताना आता कुणीच काही बोलत नाही. चपला घातल्या, मान हलवली. त्यांनीही नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं.

अर्धा जिना उतरलो तेव्हा वरून कुणीतरी हळूच म्हणालं...

"ये."

सीमंतिनीबाई मला अहो-जाहो करतात. त्या म्हणाल्या असत्या तर 'या' म्हणाल्या असत्या.